‘आपल्याकडे हा आजार नाही’ म्हणणाऱ्यांना

तेरखेड्यापासून येरमाळ्यापर्यंत आणि वाशीपासून बार्शीपर्यंत कुठेही काळ्या बुरशीचा विषय काढा, तीन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं: ‘ती कोविडमध्ये आली होती, कोविडबरोबर गेली.’ दुसरं जरा शिकलेल्या तोंडून येतं: ‘हे किडनी बदललेल्यांचे, कॅन्सरवाल्यांचे आजार. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांनी बघावेत. खेड्यात आधी टीबी बघा, रक्त कमी असलेल्या बाया बघा, साप चावलेले बघा.’ तिसरं चिडून दिलेलं: ‘सगळं त्या स्टेरॉइडनं होतं. गोळ्याच फेकून द्या.’

तिघांच्या बोलण्याचा सूर वेगळा, पण शेवट एकच: आपल्याला यात काही करायचं नाही. माझं भांडण त्या शेवटाशी आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं महिनोन्‌महिने घेणारी माणसं आज खेड्यापाड्यांत राहतात. त्यांना बुरशीचा गंभीर संसर्ग झाला, तर त्याची पहिली खूण गावातच दिसते आणि पहिली चूकही गावातच होते. तिथे वेळ गेली की पुढचा दवाखाना कितीही मोठा असला तरी त्याच्या हातात फार थोडं उरतं.

आधी पहिल्या उत्तराचा हिशेब करू.

ही बुरशी कोविडनं आणली नाही. ऱ्हायझोपस आणि तिच्या जातकुळीतल्या बुरश्या मातीत, उकिरड्यात, भिजलेल्या कडब्यात, शिळ्या भाकरीवर कायमच असतात. त्यांचे बीजाणू आपण सगळे रोज श्वासावाटे आत घेतो आणि शरीर ते निमूटपणे निकालात काढतं. माणसाला त्यांच्यापासून होणाऱ्या म्युकरमायकोसिस या रोगाचं वर्णन जर्मन भाषेतल्या वैद्यकीय लेखनात १८८५ सालीच आलेलं आहे. आपल्याकडे चंडीगडच्या पीजीआय संस्थेत डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली. १९९० ते १९९९ या दहा वर्षांत त्यांच्याकडे १२९ रुग्ण आले. पुढे २००० ते २००४ या पाचच वर्षांत १७८ आले. म्हणजे वर्षाकाठी सरासरी तेराच्या आत असलेला आकडा पस्तिशीच्या पुढे गेला, तोही कोविडचं नाव कुणी ऐकण्याच्या पंधरा वर्षं आधी. भारतात हा रोग विकसित देशांच्या सुमारे ८० पट असावा, हा तज्ज्ञांचा अंदाजही कोविडपूर्व काळातलाच आहे.

मग २०२१ साली एवढा भडका का उडाला? त्या वर्षीच्या जूनअखेर केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी देशाचे आकडे सांगितले: ४०,८४५ रुग्ण, ३,१२९ मृत्यू. महाराष्ट्र या यादीत अगदी वर होता. आता त्याच आकडेवारीतला दुसरा भाग वाचा, जो आपण विसरलो. या रुग्णांपैकी ३४,९४० जणांना कोविड झालेला होता, २६,१८७ जणांना मधुमेह होता आणि २१,५२३ जण स्टेरॉइडवर होते. कोविड झालेल्यांना एकूण संख्येतून वजा केलं, तर ५,९०५ जण उरतात. कोविडबरोबर आली म्हणणाऱ्यांनी या जवळपास सहा हजार माणसांचं काय करायचं ते सांगावं.

कोविडनं केलं ते एवढंच, की जे कारण वर्षानुवर्षं हळूहळू काम करत होतं ते काही आठवड्यांत लाखो लोकांवर एकदम लादलं. कारण म्हणजे वाढलेली साखर आणि दबलेली प्रतिकारशक्ती. इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीनं जून २०२० मध्ये दाखवून दिलं होतं, की डेक्सामेथासोननं जीव वाचतात. पण ज्यांना ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागतो त्यांचेच. मात्रा दिवसाला ६ मिलिग्रॅम, मुदत जास्तीत जास्त दहा दिवस. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना या औषधाचा फायदा दिसला नाही. उलट नुकसानीचीच शंका होती. तरीही आपल्याकडे साध्या तापाच्या माणसाला घरबसल्या स्टेरॉइड गेलं, दुप्पट-तिप्पट गेलं, तीन-तीन आठवडे गेलं, आणि साखर कुणी तपासली नाही. कोविड ओसरला, पण साखर आणि ही गोळी गावातून कुठे गेली?

ती गोळी कोणाकोणाच्या घरात आहे ते बघू.

एक गट असा, ज्याला आपण काय घेतो ते माहीत आहे. मूत्रपिंड बदललेला तरुण टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन घेतो, आणि ते आयुष्यभर घ्यायचं असतं. ल्युपस झालेली बाई, सांधे वाकडे करणाऱ्या संधिवाताची म्हातारी, लघवीवाटे प्रथिनं जाऊन अंगाला सूज येणारं पोर, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात केमो घेऊन एसटीनं परत येणारा माणूस. शस्त्रक्रिया पुण्यात झाली तरी हे सगळे राहायला गावात येतात. शेणकुराची पाटी उचलतात, कडब्याची गंज उलगडतात, मळणीच्या धुळीत उभे राहतात. दवाखाना मोठ्या शहरात असला म्हणून रोगी शहरात राहत नाही, एवढी साधी गोष्ट ‘मोठ्या दवाखान्यांनी बघावं’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

दुसरा गट मला जास्त घाबरवतो, कारण आपली प्रतिकारशक्ती दबली आहे हे त्याला ठाऊकच नसतं. गुडघेदुखीवर ‘एकदम फरक पडणारी’ पुडी, दम्यावरची ‘गुण येणारी’ गोळी, अंग भरावं म्हणून दिलेली ‘ताकदीची’ गोळी. यांत पुष्कळदा डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. झाडपाल्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. माणसाला भूक लागते, चेहरा गोल होतो, दुखणं थांबतं. घरचे म्हणतात, गुण आला. आत साखर वाढत असते, हाडं ठिसूळ होत असतात आणि बीजाणू मारणाऱ्या पेशी निकामी होत असतात.

हे घडतं याचा पुरावा हवा असेल तर गावातल्या कुणाचीही मांडी किंवा कंबर बघा. गजकर्ण पूर्वी महिन्याभरात जात असे. आता वर्षानुवर्षं जात नाही, आणि घरातल्या सगळ्यांना होतं. मेडिकलमधून मागून आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमानं खाज चार दिवसांत थांबते आणि बुरशी मोकाट पसरते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ओरड केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. नियम झाला. दुकानावर जाऊन चिठ्ठीशिवाय मागून बघा, म्हणजे नियमाचं काय झालं तेही कळेल. गजकर्णानं कुणी मरत नाही, म्हणून ते कुणी मनावर घेत नाही. पण जो समाज मलमाला आवर घालू शकत नाही, तो गोळीला कसा घालणार?

आता दुसऱ्या उत्तराकडे येतो. त्यात तथ्य आहे, आणि ते आधी मान्य करतो. धाराशिव हा २०१८ मध्ये नीती आयोगानं ‘आकांक्षित’ ठरवलेल्या महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी एक आहे. आरोग्याच्या ज्या निर्देशकांवर त्याची परीक्षा होते त्यांत गरोदर माता, बालकं, लसीकरण, क्षयरोग आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. कमी डॉक्टर, कमी खाटा, कमी पैसा असताना आधी मोठे आजार, हे म्हणणं निर्दय नाही. प्रामाणिक माणूसही तसं म्हणू शकतो.

पण ‘खेड्यात हा आजार दिसत नाही’ हे त्यांचं वाक्य तपासा. दिसत नाही, कारण त्याला दुसरं नाव देऊन वाटेला लावलं जातं. प्रेडनिसोलोनवर असलेल्या माणसाला खोकला, ताप, छातीच्या फोटोत डाग दिसला की थुंकीत जंतू नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू होतात. तो डाग ॲस्परजिलसचा असू शकतो. जुन्या टीबीनं फुप्फुसात राहिलेल्या पोकळीत हीच बुरशी घर करते, आणि रक्त पडलं की ‘टीबी उलटला’ म्हणतात. डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठ: टीबीचा मेंदूज्वर, असं म्हणून उपचार होतो, क्रिप्टोकॉकस या बुरशीची साधी पट्टी-चाचणी कुणी मागत नाही. गालाला बधिरपणा आला तर दात काढला जातो. नाक चोंदून काळपट पाणी आलं तर सर्दीची गोळी. पापणी खाली पडली तर वारं गेलं म्हणून पाला बांधला जातो. शेतात डोळ्यात काडी गेलेल्या माणसाला लालीसाठी स्टेरॉइडचा थेंब मिळतो आणि बुबुळावर बुरशीची जखम खोल जाते. यातला कोणताच रुग्ण ‘बुरशी’ या रकान्यात पडत नाही. मग आकड्यांत नाही म्हणून योजनेत नाही, योजनेत नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून पुन्हा आकड्यांत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्यांदाच घातक बुरश्यांची अग्रक्रम-यादी काढली, ती याच दुर्लक्षाच्या कारणानं. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, ॲस्परजिलस फ्युमिगेटस, कँडिडा ऑरिस आणि कँडिडा अल्बिकन्स या चार सर्वांत वरच्या गटात आहेत. म्युकरच्या कुळातल्या बुरश्या त्याखालच्या गटात.

या रोगात उशिराची किंमत मोजून पाहिलेली आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना म्युकरमायकोसिस झाल्यावर ॲम्फोटेरिसिन हे बुरशीनाशक औषध कधी सुरू झालं, याचा एक अभ्यास २००८ मध्ये छापला गेला. निदान झाल्यापासून सहा दिवसांच्या आत औषध मिळालेल्यांत बारा आठवड्यांतले मृत्यू ४८.६ टक्के होते. त्याहून उशीर झालेल्यांत ८२.९ टक्के. आता आपल्याकडे निदानाच्या आधीच सहा दिवस कसे जातात ते आठवा. दोन दिवस अंगावर काढण्यात, दोन दिवस गावातल्या इंजेक्शनात, एक दिवस बाजाराचा, एक दिवस गाडी आणि पैसे जमवण्यात. माणूस सोलापूर किंवा लातूरच्या दवाखान्याच्या दारात पोहोचतो तेव्हा जीव वाचवण्याची अर्धी संधी हायवेवरच संपलेली असते. म्हणून मी म्हणतो, हा मोठ्या दवाखान्याचा आजार असेलही, पण त्याचा निकाल छोट्या दवाखान्यात लागतो.

‘खेड्यात हे जमणार नाही’ असं म्हणणाऱ्यांना याच जिल्ह्याचा इतिहास सांगायला हवा. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली आणि तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर आपले परंडा आणि भूम हे तालुके होते. कार्यकर्ते गावोगाव जाऊन विचारत, की कुणाला गाठ आहे का, कुणाला अंगावरून जातं का. तोवर खेड्यात कॅन्सर फारसा नसतो असंच सांगितलं जायचं. पुढे १९९९ पासून याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्या गटाची तपासणी झाली नाही त्याच्याबद्दल पुढे नैतिक वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण एक गोष्ट त्या वादानं खोटी ठरत नाही. दुष्काळी म्हणून हिणवलेल्या या भागातल्या गावांतून, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांच्या हातून, साऱ्या जगाला उपयोगी पडणारा पुरावा उभा राहिला. जिथे ते जमलं तिथे रुग्णाच्या हातात एक कार्ड आणि तपासणीची एक काचपट्टी जमणार नाही, हे मला कुणी पटवून द्यावं.

तिसरं उत्तर सर्वांत आकर्षक आणि सर्वांत घातक. ‘गोळ्याच फेकून द्या.’

कॉर्टिसोन १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं गेलं, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. १९५० चं नोबेल त्याच कामाला मिळालं. ल्युपसमध्ये मूत्रपिंड वाचवणारं, दम्याच्या झटक्यात श्वास परत देणारं, बदललेलं मूत्रपिंड शरीराकडून नाकारलं जाऊ न देणारं हे औषध आहे. शिवाय ते एकदम थांबवता येत नाही. अनेक आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीरातल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. त्या माणसानं भाषण ऐकून किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ बघून गोळी बंद केली, तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. मात्रा कमी करायची तर डॉक्टरनं, टप्प्याटप्प्यानं. ‘रसायनं नकोत, निसर्गाचं घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती: प्रत्यारोपणाचं युग उघडणारं सायक्लोस्पोरीन नॉर्वेच्या माळरानावरच्या मातीतल्या एका बुरशीपासून निघालं. मायकोफेनोलेटचं मूळही बुरशीतच आहे. आणि बुरशी मारणारं ॲम्फोटेरिसिन मातीतल्याच एका जिवाणूचं देणं. निसर्ग कुणाच्या बाजूनं नसतो. औषध कुणी दिलं, किती दिलं, किती दिवस दिलं आणि त्यावर नजर कुणाची होती, यावर सगळं ठरतं.

नजर आणि नोंद. माझी मागणी या दोन शब्दांत आहे, आणि तेरखेड्याच्या माणसाला ती समजावून सांगावी लागू नये. हे गाव फटाक्यांचं. शोभेच्या दारूच्या कारखान्याला परवाना लागतो, साठ्याची मर्यादा असते, किती माल आला, किती गेला, याची वही ठेवावी लागते. ती वही न ठेवल्यानं काय होतं हे या भागानं स्फोटांतून शिकलेलं आहे. जी गोळी माणसाच्या संरक्षणाची फळीच काढून घेते, तिची मात्र पट्टीवर पट्टी विकली जाते आणि कुठल्या वहीत एक ओळ नसते.

करायचं काय, ते सांगतो.

तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध घेणाऱ्या प्रत्येकाकडे एक कार्ड हवं. औषधाचं नाव, मात्रा, सुरू झाल्याची तारीख, साखरेचे आकडे, आणि ठळक अक्षरांत धोक्याच्या खुणा: एका बाजूचा गाल सुजणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट स्राव, टाळूवर काळा डाग, वरचे दात हलणं, डोळा सुजणं किंवा एकाचे दोन दिसणं, दोन आठवड्यांहून जुना ताप-खोकला, न थांबणारी डोकेदुखी. आशाताईंकडे मधुमेह आणि रक्तदाबाच्या याद्या आहेतच. त्यांत एक रकाना वाढवायचा, आणि त्या कामाचा मोबदलाही वाढवायचा; फुकट राबवून कोणतीही योजना टिकत नाही.

साखर दर महिन्याला. त्याला ग्लुकोमीटरच्या एका पट्टीपलीकडे काही लागत नाही.

महिनाभराहून अधिक काळ रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्या आणि जोडीला आणखी एखादा धोका असलेल्या रुग्णाला न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनिया होऊ नये म्हणून को-ट्रायमॉक्सेझॉल द्यायचं का, हे त्याच्या डॉक्टरनं ठरवून कार्डावर लिहायचं. हे जुनं, स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळणारं औषध आहे. मिळतं, पण आठवत नाही.

उपजिल्हा रुग्णालयात पोटॅशियम हायड्रॉक्साइडची काचपट्टी. नाकातला किंवा टाळूवरचा खरवडलेला तुकडा, त्यावर द्रावणाचा थेंब आणि सूक्ष्मदर्शक. रुंद, फितीसारखे तंतू दिसले की त्याच दिवशी रुग्ण वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचला पाहिजे, आणि तिथे ॲम्फोटेरिसिन कपाटात असलं पाहिजे. थुंकीचा टीबी शोधायला सूक्ष्मदर्शक आपण खेड्यापर्यंत पोहोचवलाच आहे. नवं लागेल ते प्रशिक्षण.

औषध दुकानांवर ‘शेड्यूल एच’ची अंमलबजावणी. अन्न व औषध प्रशासनानं धाड टाकायची ती दुकानदाराला बदनाम करायला नको. डेक्सामेथासोनची खरेदी आणि चिठ्ठ्या यांचा मेळ बसतो का एवढं तपासलं तरी पुरे.

आणि रुग्णाच्या घरच्यांनी: उकिरडा काढणं, बुरसलेला कडबा झाडणं, जुनं घर पाडणं ही कामं त्याच्या वाट्याला येऊ देऊ नयेत. आलीच तर तोंडाला मास्क, हातमोजे आणि पायात बूट.

‘लोकांना घाबरवता,’ असा आक्षेप येईल. भीती मी पेरलेली नाही. २०२१ मध्ये बार्शी-सोलापूर-लातूरच्या रस्त्यांवर एका इंजेक्शनसाठी फिरणारी माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत. साठ किलोच्या रुग्णाला लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन दिवसाला साधारण ३०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, आणि हे अनेक दिवस. एकेका कुपीची किंमत हजारांत. तेव्हा केंद्रानं २० मे २०२१ रोजी राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. महाराष्ट्रानं तो महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला. १२ जूनला वस्तू व सेवा कर परिषदेनं या औषधावरचा कर शून्यावर आणला. राज्याला किती कुप्या मिळतात याचा जाब उच्च न्यायालयात विचारला गेला. म्हणजे मनावर घेतलं की सरकार, न्यायालय, कारखाने सगळे हलतात. तेव्हा मनावर घेतलं ते रुग्ण हजारोंनी एका वेळी आले म्हणून. तोच रोगी एकेकटा, महिन्याला एक, असा आला तर त्याचा जीव तेवढाच मोलाचा असूनही कुणी हलत नाही.

पैशाचाच प्रश्न असेल तर बेरीज करा. वर्षभराच्या साखरेच्या पट्ट्या आणि एक छापील कार्ड एका बाजूला. काही आठवड्यांचं ॲम्फोटेरिसिन, जबड्याची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया, विकलेली जमीन आणि शाळा सोडून मजुरीला गेलेलं पोर दुसऱ्या बाजूला. टीबी, रक्तक्षय आणि सर्पदंश यांच्या पैशाला हात न लावताही पहिली बाजू परवडते. दुसरी कुणालाच परवडत नाही, सरकारलाही नाही.

तेव्हा ‘आपल्याकडे हा आजार नाही’ असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी जरूर म्हणावं, पण आधी मोजावं. एका तालुक्यात एक वर्ष हे कार्ड चालवा, स्टेरॉइडवर किती माणसं आहेत ते लिहा, किती जणांची साखर बिघडली आहे ते लिहा, किती काचपट्ट्यांवर बुरशी निघाली ते लिहा. आकडा शून्य आला तर मी माझं म्हणणं मागे घेईन. तोवर न मोजता ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कुठल्याही कार्यालयाला आणि कुठल्याही डॉक्टरला नाही.